मिसेस

"आपापले बिल्ले घ्या गं मुलींनो," म्हणत मेट्रन पेलबाईंनी पुठ्ठ्याचा खोका टेबलावर ठेवला.

मुलींमध्ये लव्होनियाही आली. वय चौसष्ट. जॉर्जियातल्या त्या लहानशा गावच्या रुग्णालयात तिची एकतीस वर्षं गेली होती. अठ्ठावीस तळघरातल्या काळ्यांच्या वॉर्डात आणि कायद्याने दोन्ही वॉर्ड एक झाल्यापासून तीन वर्षं वरच्या मजल्यावर. जिने चढून गुडघे गेले, पण बिल्ला तोच राहिला. गोऱ्या नर्सच्या छातीवर 'मिस हार्ग्रोव्ह', 'मिसेस डॉस'. काळ्यांच्या छातीवर नुसतं 'बर्निस', 'लव्होनिया'. जशी काही यांची लग्नंच झाली नव्हती!

बिल्ल्यावर 'मिसेस टिलरी' लिहावं म्हणून तिने तीनदा अर्ज केला होता. तिसऱ्याचं उत्तर आलं, 'लवकरच सर्वांना एकसारखे बिल्ले मिळतील.' शुक्रवारी ती निवृत्त होणार होती. म्हणजे चार दिवस का होईना, ते नाव छातीवर मिरवणार होतं. सकाळी तिने गणवेशाला दोनदा इस्त्री केली होती.

बिल्ल्यावर होतं, 'लव्होनिया'.

"मॅडम, काही चूक झाली का?"

"चूक कसली? बघ की, हार्ग्रोव्हचाही 'पेगी'च आहे. आता काळं-गोरं काही राहिलं नाही. सगळ्यांची नुसती नावं. एकच कुटुंब आपलं!" पेलबाई हसल्या. त्यांच्या स्वतःच्या छातीवर 'मिसेस पेल' तसंच होतं. मेट्रनचं म्हणे वेगळं असतं.

चादरींच्या खोलीत बर्निस पोट धरून हसली. "आपण पानावर बसलो आणि यांनी वाढायचंच बंद केलं! जाऊ दे गं. चर्चमध्ये तुला सिस्टर टिलरी म्हणतात ना? भागव त्यावर."

"चर्चमध्ये सगळ्याच सिस्टर असतात," लव्होनिया म्हणाली. "मिसेस मी एकट्या हर्शेलची."

तिचा नवरा हर्शेल लाकडाच्या गिरणीतल्या अपघातात गेला, त्याला वीस वर्षं झाली. घर भाड्याचं, गाडी मालकाची. मागे ठेवलं ते एवढं नावच. लव्होनियाला रडू आलं नाही. नुसता थकवा आला, तोही आजचा नव्हता. तिने चादरी उचलल्या आणि सात नंबरच्या खोलीत गेली.

तिथे ड्रेनन होते, गावातले जुने कापडवाले. नव्या नवरीच्या हौसेने ती त्यांच्या दुकानात गेली होती, तेव्हा म्हणाली होती, "मिसेस टिलरीच्या नावाने बांधून ठेवा." ड्रेननसाहेबांनी दुकानभर नजर फिरवली होती. "मिसेस? मला तर इथे कुणी मिसेस दिसत नाही." सगळं दुकान हसलं होतं. आता त्यांना माणसं ओळखू येत नव्हती आणि त्यांची पाठ तीच पुसायची.

"कोण आहे?" म्हाताऱ्याने विचारलं.

रोज ती 'लव्होनिया' म्हणायची. आज तोंडून निघून गेलं, "मिसेस टिलरी."

म्हाताऱ्याने उशीवरून मान उचलायचा प्रयत्न केला, मानाची बाई आल्यावर उचलतात तशी. "बसा ना, मिसेस टिलरी. तुम्हाला त्रास नसेल तर जरा पाणी द्याल?"

तिचा हात पेल्यावरच थांबला. चाळीस वर्षांनी मिळालं, तेही स्मृती हरपलेल्या माणसाकडून. हसावं की रडावं ते तिला कळेना.

तेवढ्यात त्यांची मुलगी आत आली, हातात फुलं घेऊन. ती परकरात होती तेव्हापासून लव्होनिया तिला 'मिस कॅरोलिन' म्हणत आली होती.

"बाबा, काहीतरीच काय? मिसेस कोण? ही आपली लव्होनिया!"

म्हातारा मुलीकडे बघत राहिला. मग लव्होनियाकडे वळून हळूच म्हणाला, "मिसेस टिलरी, या बाई कोण हो?"

मुलीचा चेहरा पडला. लव्होनियाला तिची दया आली, खरोखरच आली. तिने म्हाताऱ्याच्या मानेखाली हात घालून पेला त्याच्या ओठांना लावला.

"तुमची मुलगी आहे, मिस्टर ड्रेनन," ती म्हणाली. "कॅरोलिन."

मिस कॅरोलिनने चमकून वर पाहिलं. लव्होनिया पाणी पाजत राहिली.