नळाच्या तोंडची जाळी

चौथ्या मजल्यावरच्या त्या घरात पाय ठेवायला जागा नव्हती. जलबाबा आले होते. दोन महिने साऱ्या इमारतीत नळाला करंगळीएवढी धार. पण बाबांनी शेजारच्या शिंपीणबाईंच्या नळाला तांब्याचं कडं घातलं नि पाणी धो धो कोसळलं, हे सगळ्यांनी पाहिलं होतं.

बाबांनी इथल्या नळाला कान लावला, डोळे मिटले. "या घरातून कुणीतरी तहानलेलं गेलंय. त्यानं धार धरून ठेवलीय."

सासूबाईंनी तोंडाला पदर लावला. सून भिंतीला टेकून उभी राहिली. नवरा गेल्यापासून तिला काही वाटायचंच बंद झालं होतं. शेवटच्या दिवसांत डॉक्टरांनी त्याचं पाणी बंद केलं होतं, तो पाणी मागतच गेला, हे इमारतीत पोराटोरांना ठाऊक होतं. बाबांना त्यासाठी अंतर्ज्ञान लागणार नव्हतं.

उपायही निघाला. गेलेल्याच्या आईनं आठ दिवस तहान सोसायची, दिवसाला एकच पेला. मग बाबा येऊन कडं घालणार.

चौथ्या दिवशी सासूबाई ओट्यापाशी कोसळल्या. ओठ फुटले होते. सुनेनं चमच्यानं पाणी पुढे केलं, त्यांनी मान फिरवली. "त्याला नाही मिळालं."

सून उठली नि शिंपीणबाईंकडे गेली. बाबांनी नेमकं काय काय केलं, एवढंच तिनं विचारलं. बाई म्हणाल्या, नळावर फडकं टाकलं, मंत्र म्हणत त्याचं तोंड फिरवून काढलं, झटकून परत बसवलं, वर कडं.

सून रक्त तपासायच्या प्रयोगशाळेत कामाला होती. तिथल्या नळाची जाळी ती दर महिन्याला धुवायची. घरी येऊन तिनं नळाचं तोंड फिरवलं. आतली जाळी गंजाच्या कपच्यांनी नि चुन्यानं गच्च भरली होती. दोन महिन्यांपूर्वी गच्चीवरची टाकी धुतली, तेव्हाचा तो गाळ. तिनं जाळी घासली, बसवली. पाणी भांड्यावर आदळलं.

सासूबाई बघत राहिल्या. "म्हणजे तो तहानलेला नव्हता?"

"होता, आई. पण नळात नव्हता."

बऱ्याच वेळानं त्यांनी पेला मागितला. दुसराही.

आठव्या दिवशी बाबा आले, तेव्हा जिन्यात शेजारी सुनेनं दाखवल्याप्रमाणे काढलेली आपापली जाळी हातात घेऊन उभे होते. बाबा वर चढलेच नाहीत. सून सपाट आवाजात शेजाऱ्यांना म्हणाली, "पुढच्या वेळी धार बारीक झाली की आधी जाळी धुवा. घरात कोण गेलं, ते नंतर विचारा."