गुंडीचा कंगवा

मित्रांनो, मी एक जुना कंगवा आहे. माणसांचा नव्हे, कुत्र्याचा. अंग सगळं स्टीलचं, मूठ नाही, अर्धे दात विरळ आणि अर्धे दाट. स्टीलच्या वस्तूला कसली भीती, असं तुम्हाला वाटेल. पण मी जन्मापासून भित्रा आहे.

एका लहानशा कारखान्यात माझा जन्म झाला. तारेचे तुकडे कापले, त्यांची टोकं घासून गोल केली आणि ते एका पट्टीत ठोकून बसवले. शेवटच्या टेबलावर एक म्हातारा कामगार बसायचा. तो प्रत्येक कंगवा स्वतःच्या मनगटावरून ओढून बघे. ओरखडा उठला की कंगवा बाजूला. बाकीच्यांना त्याने एकेकदा ओढलं, मला दोनदा. मग मनगट उजेडात धरून पाहिलं आणि मला चांगल्यांच्या खोक्यात टाकलं. दोनदा का, ते त्याने सांगितलं नाही. आपला एखादा दात कुणाला तरी लागेल, ही धास्ती माझ्या मनात तेव्हापासून आहे.

दुकानातून मी ज्या घरी गेलो, तिथे तीन माणसं होती. मुलगी बाकीच्या दोघांना आई आणि बाबा म्हणायची, म्हणून मीही तसंच म्हणतो. आईंनी एक पिल्लू आणलं होतं. पांढरं, इवलंसं, अंगभर कुरळे केस. त्यात दोन डोळे आणि एक नाक, अशा तीन गुंड्या शिवल्यासारख्या दिसायच्या. म्हणून तिचं नाव पडलं गुंडी.

असल्या कुत्र्याचे गळलेले केस खाली पडत नाहीत. ते उरलेल्या कुरळ्या केसांत अडकून बसतात. रोज विंचरलं नाही तर त्याचा गुंता होतो आणि गुंत्याची जट होते. आई रोज दुपारी मागच्या गॅलरीत पाट टाकून बसायच्या, गुंडीला मांडीवर घ्यायच्या आणि मला हातात धरायच्या. आधी पाय, मग पोट, मग कानांमागे. गुंता लागला की केस मुळाशी चिमटीत धरून टोकाकडून सोडवायच्या. गुंडी डोळे मिटून पडून राहायची. बारा वर्षांत ती माझ्यामुळे एकदाही ओरडली नाही. अशा दुपारी मला भीती आठवायची नाही.

बाबा कारखान्यात लेथ मशीनवर काम करायचे. दुपारचं हे काम त्यांनी कधी पाहिलंच नाही. त्यांना दिसायची ती रविवारची आंघोळ. बाथरूममधून पाणी उडायचं, गुंडी ओलीचिंब होऊन घरभर पळायची आणि बाबा पेपर वर धरून ओरडायचे, "अगं, ही बघ, माझ्या पायावरून गेली!" आई म्हणायच्या, "पायच बाजूला घ्या ना मग, घरात काय तेवढाच खांब आहे." आंघोळीआधी तासभर मी त्या अंगावरून फिरलेलो असे. तेव्हा बाबा झोपलेले असत.

मग एका सकाळी आईंना ऑपरेशनसाठी नेलं. भूल देतील, दोन तासांत खोलीत आणतील, असं त्या स्वतःच सगळ्यांना समजावून गेल्या. त्या परत आल्या नाहीत.

मी बाथरूमच्या फळीवर राहिलो. चार महिने मला कुणी हात लावला नाही. माझ्या दातांत गुंडीचे शेवटच्या दुपारचे केस तसेच होते. बाबा दात घासायला यायचे आणि माझ्याकडे न बघता जायचे. मी त्यांना दोष देत नाही. पण दाराच्या फटीतून मला गुंडी दिसायची. आधी तिच्या कानांमागे गाठी आल्या, मग बगलेत, मग पोटावर. पुढचा उजवा पाय ती उचलून टाकायला लागली, कारण बगलेतली जट प्रत्येक पावलाला कातडी ओढत होती. मी रोज बघत होतो आणि रोज जास्त घाबरत होतो.

मुलीचं सासर दुसऱ्या गावी. ती आली आणि गुंडीला उचलताच तिच्या लक्षात आलं. तिने गुंडीला जनावरांच्या डॉक्टरांकडे नेलं. परत आल्यावर बाथरूमच्या दाराशीच बापलेकीचं बोलणं झालं, ते मी ऐकलं. बगलेतली कातडी लाल झाली होती. अजून आठवडाभर तसंच राहिलं असतं तर जखम झाली असती. डॉक्टर म्हणाले होते की जटा काढायला गुंडीला भूल द्यावी लागेल. पण तिचं वय झालंय, हृदय कमजोर आहे, ती जागी होईलच असं ते लिहून देणार नाहीत. सोमवारी घेऊन या, म्हणाले होते.

"भूल नाही," बाबा म्हणाले.

"मग तिला असंच ठेवणार?"

"मी करतो घरी. मोकळी करून नेतो सोमवारी."

"बाबा, तुम्ही कधी केलंय का?"

"दर रविवारी बघायचो की."

 संध्याकाळच्या गाडीने मुलगी गेली.

रविवारी सकाळी बाबांनी बाथरूमबाहेर वर्तमानपत्र पसरलं आणि लेथवर हत्यारं मांडावीत तशा वस्तू ओळीने मांडल्या. टॉवेल, शाम्पू, केस वाळवायचं यंत्र, कात्री आणि शेवटी मी. मला वाटलं, आता मला उचलतील. त्यांनी बादली भरली. पाण्यात कोपर बुडवून बघितलं, लहान बाळासाठी बघतात तसं.

मित्रांनो, माझ्या अंगात आवाज असता तर मी त्या क्षणी घर डोक्यावर घेतलं असतं. आधी मला घ्या, पाणी नको, असं मी मनात ओरडत होतो. कारण जट भिजली की आवळते. लोकरीचा स्वेटर गरम पाण्यात आटतो, तसे ते केस आटतात आणि कातडीला चिकटून बसतात. आईंना हे ठाऊक होतं, मला ठाऊक होतं. बाबांनी फक्त आंघोळच पाहिली होती. त्यांनी मायेने, सावकाश, एकेक जट शाम्पूने चोळली. मग गरम हवेने वाळवली.

आणि मग मला उचललं.

उजव्या कानामागे त्यांनी मला घातलं. मी कातडीच्या बाजूने आत शिरलो आणि तिथेच रुतलो. बाबांनी ओढलं. गुंडी किंचाळली. तो आवाज मी कधी ऐकला नव्हता. तिने वळून बाबांचा अंगठा चावला, त्यांचा हात सुटला आणि मी जटेत लटकलेला असतानाच ती पलंगाखाली पळाली.

तिथल्या अंधारात मी तिच्या मानेला टेकून होतो. तिच्या हृदयाचे ठोके मला दातांत जाणवत होते. चार भरभर, मग एक चुकलेला, मग पुन्हा भरभर. प्रत्येक चुकलेल्या ठोक्याला मला वाटायचं, संपलं, आणि माझ्यामुळे संपलं.

बाबा जमिनीवर पालथे पडले. गाल फरशीला, रक्ताळलेला अंगठा रुमालात.  मग म्हणाले, "चुकलं गुंडे. काय चुकलं ते कळत नाही मला, पण चुकलं." बऱ्याच वेळाने ती सरपटत बाहेर आली. जवळ जायला तिला दुसरं कुणी नव्हतंच.

त्यांनी तिला मांडीवर घेतलं आणि कात्री उचलली. मी गार पडलो. जटेबरोबर कातडी वर ओढली गेलेली असते आणि केसांत ती दिसत नाही. केस समजून कातडीच कापली जाते.  कात्रीचं पातं जटेत शिरलं, खाली आलं आणि टक् करून थांबलं.

पातं माझ्यावर आपटलं होतं.

तीस वर्षं लोखंडावर हात चालवलेला माणूस तो आवाज ओळखणार नाही, असं होईल का? त्यांनी कात्री तशीच धरली. नखाने चाचपून पाहिलं. वर केस, मध्ये मी, माझ्याखाली कातडी. "म्हणजे तू खाली," ते मला म्हणाले, "आणि ही कात्री वर. तू असलास तर ही खाली जाऊच शकत नाही."

त्यांनी माझ्या अंगालगत कात्री चालवली. जट सुटून माझ्यासकट त्यांच्या हातात आली. खाली गुलाबी कातडी होती, अख्खी.

मग दिवसभर तेच चाललं. मला जटेखाली केसाएवढं सरकवायचं, थांबायचं, तिला दम खाऊ द्यायचा, आणि माझ्यावरून कापायचं. बगलेतल्या जटेला तर दीड तास लागला. प्रत्येक वेळी पातं आपटलं की मी दचकायचो. माझे दोन दात वाकले. पण मी मधून हललो नाही.

सोमवारी डॉक्टरांनी गुंडीला टेबलावर उभं केलं, चारी बाजूंनी पाहिलं आणि विचारलं, हे कापलं कुणी. बाबा म्हणाले, "मी." डॉक्टर म्हणाले, "ते दिसतंच आहे." उशी उंदरांनी कुरतडावी तशी ती दिसत होती. पण भुलीची गरज उरली नव्हती. घरी आल्यावर बाबांनी हे सगळं फोनवर मुलीला दोनदा सांगितलं.

बाबा निवृत्त झालेत, आता ते रोज दुपारी मला घेऊन गॅलरीत बसतात. हात सुधारलाय. पण गुंडी अजून डोळे मिटत नाही, सारखी मान वर करून त्यांच्या तोंडाकडे बघते. परवा त्यांनी मुलीला विचारलं, "आई हिला विंचरताना काही बोलायची का गं?"

"काय माहीत बाबा. मी कॉलेजात असायचे तेव्हा."

बोलायच्या. रोज बोलायच्या, हळू आवाजात, सगळा दिवस सांगायच्या. त्यातलं निम्मं बाबांबद्दल असायचं. डबा अर्धा परत आणला, नवा शर्ट छान दिसतो पण सांगितलं की लगेच फुगतील, आज पायऱ्या चढताना दम लागला त्यांना, असं. मला एकेक शब्द ठाऊक आहे आणि मी कंगवा आहे. माझी आता तीच भीती आहे, की हे माझ्याबरोबरच गंजून जाईल.

म्हणून मित्रांनो, एक विनंती. तुमच्या घरात जो माणूस रोज काही करत असेल, कुणाला विंचरत असेल, काही शिवत असेल, काही पुसत असेल, त्याच्याजवळ एखादी दुपार जाऊन बसा. हात कुठे ठेवतो ते बघा. काय पुटपुटतो ते ऐका. ऐकू आलं नाही तर विचारा. आजच विचारा.