डावा-उजवा

बर्फ वितळायला लागलं की फेतिन्याबाईंच्या घरात पहिलं काम निघायचं ते बुटांचं. नमद्याचे, म्हणजे दाबून घट्ट केलेल्या लोकरीचे, ते गुडघ्यापर्यंतचे जाड बूट आधी अंगणात काठीने झोडायचे, मग चुलीच्या उबेवर सावकाश वाळवायचे, कसर लागू नये म्हणून आत जुनी वर्तमानपत्रं आणि वाळलेला कडू दवणा कोंबायचा, आणि उंदरांच्या तोंडी पडू नयेत म्हणून माळ्यावरच्या तुळईला टांगून ठेवायचे. दूर उत्तरेतल्या पिनेगा नदीकाठच्या त्या गावात या टांगण्याला आणखी एक अर्थ होता. ज्याचे बूट माळ्यावर, तो माणूस जिवंत, येत्या थंडीत ते घालणारा. मेलेल्याचे बूट कुणी जपत नाही, देऊन टाकतात.

लुक्यान, बाईंचा मुलगा, नदीच्या बर्फावर मासे धरायला गेला आणि पायातल्या बुटांसकट बर्फाखाली गेला. प्रेत मिळालं नाही. बाईंनी त्याच वसंतात त्याच्या मापाचे कोरे बूट करवून आणले, आत दवणा भरला आणि माळ्यावर टांगले. त्यामुळे झालं काय, की त्याची बायको कापितोलिना ना धड सवाशीण, ना धड विधवा. लुक्यानचा पट्टा तिच्या पाठीने बरीच वर्षं सोसला होता. तो गेला तेव्हा ती रडली नाही, आणि ते लपवलंही नाही. तिला फक्त एवढंच हवं होतं की त्याचे दिवस घातले जावेत आणि आपलं नाव आपल्याला परत मिळावं.

"आई, ते बूट खाली काढा," ती म्हणायची. "ज्याचे पायच राहिले नाहीत, त्याला बूट कशाला?"

"जीभ आवर, सूनबाई. माझा लेक येईल तेव्हा अनवाणी राहायचा नाही."

विहिरीवर शेजारची ग्लाफिरा मुद्दाम हाक मारायची. "काय गं लुक्यानची, मालकांची काही खबर?"

"मालक नदीत आहेत. जाऊन विचार," कापितोलिना म्हणायची आणि बादली उचलायची.

नमद्याच्या कोऱ्या बुटांना डावा-उजवा नसतो. दोन्ही अगदी सारखे. घालणाऱ्याचा पाय त्यांना हळूहळू शिकवतो, कुठे फुगायचं, कुठे झिजायचं. बूट पायाचं ऐकतो, असं गावात म्हणतातच. म्हणून शरद ऋतूत बूट खाली काढले तेव्हा कापितोलिना ते हातात घेऊन उभीच राहिली. कुणीही न घातलेल्या त्या जोडीत एक डावा झाला होता आणि एक उजवा. डाव्याची टाच बाहेरच्या अंगाने झिजलेली, चवडा बाहेर वळलेला. लुक्यानच्या डाव्या पायावर तरुणपणी ओंडका पडला होता, तेव्हापासून तो असाच पाय टाकायचा. आतली वर्तमानपत्रं जशीच्या तशी होती, फक्त टाचेपाशी दडपून कडक झालेली.

फेतिन्याबाईंनी बूट छातीशी धरले. "बघ. मी काय म्हणत होते?"

भीतीला कापितोलिनाने पूर्वीही कधी घरात बसू दिलं नव्हतं. संताप मात्र मस्तकात गेला. मेल्यावरसुद्धा हा माणूस जागा सोडत नाही म्हणजे काय?

"बूट पायाचं ऐकतो ना?" ती म्हणाली. "मग आता माझ्या पायाचं ऐकेल."

तिने बूट सासूच्या हातातून ओढून घेतले, घंगाळात कढत पाणी ओतून त्यात बुडवले, पिळले आणि ओलेच पायात चढवले. आकार बदलायचा तर असंच करतात. डावा बूट तिचा पाय बाहेर ढकलत होता. तिने दात आवळून तो सरळ टाकला.

"काढ ते," बाई कुजबुजल्या. "सूनबाई, पाया पडते, काढ."

"नाही काढणार."

सगळा हिवाळा ती ते बूट घालून हिंडली. लाकडं आणली, गोठा झाडला, नदीवर जाऊन बर्फातल्या भोकाशी धुणं धुतलं. पहिले काही दिवस संध्याकाळी पाय सुजायचा, ठणकायचा. मग ठणका थांबला. बर्फ मऊ व्हायला लागेपर्यंत दोन्ही बूट अरुंद आणि सरळ झाले होते, तिच्या पायासारखे. ते तिने चुलीजवळच्या फळीवर ठेवले, सगळ्यांना दिसतील असे. त्याआधीच एकदा विहिरीवर ग्लाफिराने तिच्या पायातल्या बुटांकडे बघितलं आणि म्हणाली, "सरक गं कापितोलिना, मला बादली बुडवू दे."

माळ्यावर टांगायला लेकाचे बूटच उरले नाहीत; फेतिन्याबाई वाळत गेल्या आणि शेवटी नमल्या. पाद्र्याला निरोप गेला. मधातले शिजवलेले गहू झाले, धिरडी झाली, आणि लुक्यानच्या नावाने एकदाचं पाणी सोडायचं ठरलं. त्या सकाळी कापितोलिनाने पेटीतून उन्हाळ्याचे बूट काढले, लग्नात माहेरहून आलेले, काळ्या चामड्याचे, बारीक बंदांचे. उजवा सर्रकन बसला. डावा बसेना. तिने मोजा काढला, तेल लावलं, पुन्हा जोर लावला. चवडा बाहेर वळला होता, आत जातच नव्हता.

फेतिन्याबाई जवळ आल्या. त्यांनी तो उघडा पाय निरखून बघितला, मग जमिनीवर बसल्या, तो मांडीवर घेतला आणि दोन्ही हातांनी चोळू लागल्या, इतक्या मायेने, की लग्नानंतर त्या घरात कापितोलिनाला असं कुणी शिवलं नव्हतं.

"गार पडलाय रे, लेका," त्या म्हणाल्या.

कापितोलिनाने पाय हिसडून घेतला. सुरी घेऊन तिने बुटाची बाहेरची बाजू टाचेपर्यंत उभी चिरली, पाय आत कोंबला आणि उठली. "पाय माझा आहे," ती म्हणाली. चर्चच्या वाटेवर लोक जमले होते. ती मान ताठ ठेवून त्यांच्यामधून निघाली, आणि समोरून येणारी ग्लाफिरा चिखलात उतरून बाजूला झाली, पुरुषांना वाट देताना होत असे तशी.