रिकाम्या चौकोनाचे आठ गुण

मंगळवारी सकाळी अकरा वाजून चाळीस मिनिटांनी शेवगावातल्या एका महाविद्यालयाच्या सूचना फलकावर तृतीय वर्ष बी.ए. मराठीच्या अंतर्गत परीक्षेचे गुण लागले. बावन्नपैकी एकावन्न विद्यार्थी उत्तीर्ण झाले. प्रज्ञा रंभाजी घायतडक हिला वीसपैकी सात गुण होते. उत्तीर्ण व्हायला आठ लागतात.

या परीक्षेत ग्रेस नसतो. एका गुणासाठी तिचा पदवीचा निकाल राखून ठेवला जाणार होता आणि तो हातात नसेल तर बी.एड.च्या प्रवेशाची कागदपत्रे तपासली जाणार नव्हती. त्याची मुदत पुढच्या बुधवारी संध्याकाळी पाचपर्यंत होती.

परीक्षा ‘कोरडी वीट’ या बावीस मिनिटांच्या लघुपटावर होती. शहरात गेलेला नवरा परत येत नाही आणि बायको एका खोलीत त्याची वाट बघते, एवढीच त्याची गोष्ट. दिग्दर्शक पंकज शिरसाठ याच महाविद्यालयाचा माजी विद्यार्थी, म्हणून विभागाने लघुपट अभ्यासाला लावला होता. चित्रीकरण तिसगावात झाले. बाईच्या मागची भिंत चुलीच्या धुराने काळवंडलेली आहे आणि तिच्यावर फिकट रंगाचा एक चौकोन आहे. तिसरा प्रश्न त्याच्यावर होता: ‘रिकाम्या चौकोनाचा प्रतीक म्हणून अर्थ स्पष्ट करा.’ आठ गुण. त्यात प्रज्ञाला शून्य होते.

तिने चार वाक्ये लिहिली होती. ‘चित्रपटातील घर माझी आजी कलाबाई हिचे आहे. चौकोनाच्या जागी बाबासाहेबांचा फोटो होता. काच चमकते म्हणून चित्रीकरणाआधी तो उतरवला. त्यामुळे हा चौकोन रिकामा नाही, रिकामा केलेला आहे.’

बारा वाजता ती विभागप्रमुख अजिनाथ दहिफळे यांच्यासमोर उभी होती.

“तू उत्तर लिहिलं नाहीस, बातमी लिहिलीस,” सर म्हणाले. त्यांनी आदर्श उत्तराचा कागद पुढे सरकवला. चौकोन म्हणजे पतीची अनुपस्थिती, स्त्रीच्या आयुष्यातली पोकळी.

“सर, तिथं कधीच कुणाच्या नवऱ्याचा फोटो नव्हता.”

“घर तुझ्या आजीचं असेल. चौकोन चित्रपटाचा आहे. प्रेक्षकाला काय दिसतं ते लिहायचं असतं.”

“मग मला जे दिसलं ते मी लिहिलं.”

“अगं, तुला दिसलं नाही, तुला माहीत होतं. त्यात फरक आहे.”

सरांचे म्हणणे अगदीच चूक नव्हते, आणि प्रज्ञाला त्याचाच जास्त राग आला. टेबलावर बाकीच्या उत्तरपत्रिका होत्या. तिने वरच्या तीन उघडल्या. तिन्हींत तिसऱ्या उत्तराची सुरुवात एकच होती: ‘मागच्या तासाला सांगितल्याप्रमाणे, रिकामा चौकोन हे...’

“सर, परीक्षेत कसला मागचा तास? यांना तरी काय दिसलं?”

सरांनी गठ्ठा बाजूला ओढला. “नोट्स लिहून घेतल्यात त्यांनी. तू त्या दिवशी गैरहजर होतीस. दिग्दर्शकाचं पत्र आण, मग बघू.”

पंकज पुण्यात असतो. तिसऱ्यांदा लावल्यावर त्याने फोन उचलला.

“काच चमकते असं तुम्ही आजीला सांगितलं होतं. तेवढंच लिहून द्या,” प्रज्ञा म्हणाली.

“काच? हां, ते आजींना समजावं म्हणून. खरं तर मला ते घर युनिव्हर्सल करायचं होतं.”

“म्हणजे?”

“म्हणजे कुणाचंही वाटलं पाहिजे. फोटो ठेवला की गोष्ट तिकडंच जाते ना. लोक बाईकडं बघतच नाहीत.”

“आणि चौकोन?”

“चुना मारायला वेळ नव्हता. पण महोत्सवात परीक्षकांनी त्याचंच कौतुक केलं. मग मुलाखतींत मी ठरवून ठेवला म्हणून सांगून बसलोय. आता पत्र कसं देऊ? समजून घे ना.”

संध्याकाळी त्याने पत्राऐवजी निरोप पाठवला: दिग्दर्शकाने अर्थ सांगू नये, प्रेक्षकाचा अर्थ प्रेक्षकाचा. प्रज्ञाने तो सरांना पाठवला. सरांचे उत्तर आले, ‘इथे प्रेक्षक म्हणजे परीक्षक.’

दुसऱ्या दिवशी, बुधवारी, दहाच्या एस.टी.ने कलाबाई स्वतः आल्या. हातात सुतळीचे दोन तुकडे होते, एक फोटोच्या लांबीचा, एक रुंदीचा.

“लावा तुमचा पिच्चर,” त्या सरांना म्हणाल्या. “मोजून दावते.”

“आजी, पडद्यावर माप बदलतं.”

“मंग चला तिसगावला. भित हाय तितंच.”

“तुमच्यावर कुणी अविश्वास दाखवत नाही.”

“माज्या नातीनं खोटं लिव्हलं का?”

“खोटं नाही हो. पण चूक आहे.”

“खरं हाय आन् चूक बी हाय?” कलाबाईंनी प्रज्ञाकडे पाहिले. “कसली गं ही शाळा? पाच वर्सं ह्येच शिकली का तू?”

“तीन वर्षं, आज्जी.”

“तीन तर तीन. लई झाली.”

सर हसले नाहीत. त्यांनी विचारले, “फोटो उतरवू का दिलात?”

“त्यो पोरगा म्हनला, काच चमकती. तीन दिस शेजारच्या घरी मांडीवर घिऊन बसले मी. खाली ठिवला न्हाई. त्या पोराला दोन टायमाला च्या बी दिला.”

सरांनी प्राचार्यांकडे फेरतपासणीचा अर्ज करायला सांगितले. अर्ज दुपारी दोननंतरच स्वीकारत. दोघी व्हरांड्यातल्या बाकावर बसल्या.

“खरंच चमकत हुती का गं काच?” कलाबाईंनी विचारले.

“न्हाई, आज्जी. घर कुनाचं हाय ते दिसू द्यायचं नव्हतं त्याला.”

कलाबाईंनी सुतळी बोटाला गुंडाळली, सोडली, पुन्हा गुंडाळली.

“मंग पेपरात काच कशाला लिव्हली तू?”

“तवा मला ठावं नव्हतं.”

“आता हाय ना? जा, खोडून ये.”

“पेपर दिल्यावर खोडता येत न्हाई.”

“मंग अर्जात लिव्ह. त्याची थाप आपल्या नावानं नगं.”

प्रज्ञाने तसे लिहिले. तिसरे वाक्य चुकीचे आहे. फोटो काचेमुळे नव्हे, घराची ओळख दिसू नये म्हणून उतरवला. चौथे वाक्य त्यामुळे अधिक खरे ठरते, त्याचे गुण मिळावेत.

लिपिक गोरक्षनाथ यांनी अर्ज दोनदा वाचला. “ताई, एका मार्कासाठी आलाय ना? मग आपणच आपली चूक कबूल करताय व्हय? ही ओळ काढा, दुसरा कागद देतो मी.”

“राहू द्या.”

“बघा हं. मला नंतर बोल लावू नका.” त्यांनी शिक्का मारला. दोन वाजून दहा मिनिटे झाली होती.

शुक्रवारी तीन जणांची समिती बसली. चूक विद्यार्थिनीनेच मान्य केली आहे, असे दहिफळे सरांनी निदर्शनास आणले. समितीतल्या माधुरी मॅडम म्हणाल्या, चौथ्या वाक्यावर वर्गात एक तास बोलता येईल, त्याला शून्य कसे? प्राचार्यांनी दोघांची मते नोंदवून घेतली आणि निर्णय शनिवारवर ढकलला. शनिवारी प्राचार्य बैठकीसाठी बाहेरगावी होते. सोमवारी उत्तरपत्रिका आणि अर्ज बाहेरच्या परीक्षकाकडे, सोनईच्या एका निवृत्त प्राध्यापकांकडे, पाकिटातून गेले.

मंगळवारी, मुदतीच्या आदल्या दिवशी, प्रज्ञाने दिवसभरात कार्यालयात पाच फोन केले. सहाव्या फोनला, संध्याकाळी पाच वीसला, गोरक्षनाथ यांनी सांगितले, की पाकीट पोचले आहे. प्राध्यापकांनी लघुपट पाहिलेला नाही आणि पाहिल्याशिवाय ते गुण देणार नाहीत. त्यांनी लिंक मागितली आहे. महोत्सवांच्या नियमामुळे लिंकला पासवर्ड आहे आणि तो पंकजकडे आहे. पंकजचा फोन दुपारपासून बंद लागतो.