दुकान उघडं असेलच

लाँड्रीच्या काउंटरवर थोरल्या सुनेपुढे खोटं बोलून निसटलेला माणूस अजून जन्माला यायचा होता. "डाग कसला?" ती विचारायची. "चहाचा," गिऱ्हाईक म्हणायचं. "चहा पाठीवर कसा सांडला?" की झालं, गिऱ्हाइकाची बोबडीच वळायची. घरात तिला शंकासुर म्हणत.

तिची ही उलटतपासणी बघूनच कॉलेजात शिकणाऱ्या नणंदेनं तिच्या डोक्यात किडा सोडला: "वहिनी, तू वकील हो." कायद्याच्या कॉलेजची प्रवेश परीक्षा होती, वयाची अट नव्हती. "पुढच्या वर्षी बघू" असं दोनदा म्हणून झाल्यावर यंदा तिनं मनावर घेतलं, आणि अभ्यासाला अशी भिडली की इस्त्री तापेपर्यंतसुद्धा एखादा प्रश्न सोडवून व्हायचा.

सामान्यज्ञान पाठ, गणित बरं, उतारे म्हणजे तर हातचा मळ. घोडं अडायचं ते एकाच ठिकाणी: 'या विधानात काय गृहीत धरले आहे?'

"बसला गर्दी असते, म्हणून लवकर निघा," नणंद वाचून दाखवायची. "सांग, काय गृहीत धरलंय?"

"काहीच नाही. बरोबरच आहे की."

"अगं, लवकरच्या बसला गर्दी नसते, हे!"

"ते तर शेंबड्या पोरालाही कळतं."

"कळतं म्हणूनच कुणी बोलत नाही. आणि बोलत नाहीत तेच तुला शोधायचंय."

बोललेल्यातलं खोटं तिला क्षणात दिसायचं, पण न बोललेलं कुठे शोधायचं याचा काही केल्या पत्ता लागेना. दर सराव परीक्षेत तेवढे गुण हमखास जायचे, आणि ती सगळा राग चादरींवर काढायची. चादरी मात्र झकास कडक निघत.

परीक्षा रविवारी होती. शुक्रवारी जेवताना नवरा म्हणाला, "रविवारी धाकट्याचं घर हलवायचंय. टेम्पो सांगितलाय मी. आई, तू तिथलं स्वयंपाकघर बांधायला घे. दुकान उघडं असेलच, म्हणजे गिऱ्हाइकांची काही अडचण नाही."

तिचा घास हातातच राहिला. दुकान उघडं असेलच! किती साधं वाक्य, कुणाच्या अध्यात ना मध्यात. तिनं ते मनात पुन्हा एकदा म्हटलं आणि डाव्या हातानं मांडीवर थाप मारली.

"सापडलं! यात मला गृहीत धरलंय!"

नणंदेला ठसका लागला. नवरा बावचळून बघत राहिला. "म्हणजे... परीक्षा? ती तू खरंच देणार आहेस?"

त्यानं हे इतक्या भाबडेपणानं विचारलं की तिला ते जास्तच लागलं. इतके महिने हा माणूस शेजारी बसून तिला वाचताना बघत होता, आणि त्याला तो वेळ घालवायचा छंद वाटत होता. तिचे डोळे भरून आले.

"देणार आहे," ती म्हणाली. "रविवारी दुकान बंद राहील."

सासूबाईंनी ताटातून हात काढला. दुकान त्यांनी उभं केलेलं होतं. आता तोफ डागली जाणार, म्हणून तिनं कंबर कसली. खरं तर या क्षणाची तयारी तिनं परीक्षेहून जास्त केली होती. आई काय म्हणतील, त्यावर आपण काय म्हणायचं, सगळं जिभेवर तयार होतं.

"दुकान बंद राहणार नाही," सासूबाई म्हणाल्या.

"आई, माझं ऐका..."

"तूच ऐक. काउंटरवर मी बसेन." मग त्या मुलाकडे वळल्या. "आणि काय रे, भांडी बांधायला मी येणार हे कुणी ठरवलं? माझ्या गुडघ्यांना विचारलंस?"

"मी आपलं धरून चाललो होतो की..."

"तेच तर ती मघापासून सांगतेय!"

तिची सगळी उत्तरं जिभेवरच राहिली. सासूबाई आडव्या येणार, हे तिनं कधी तपासूनच पाहिलं नव्हतं. गिऱ्हाइकाच्या एकेका डागाची चौकशी करणारी ती, या बाईशी महिनोन्महिने मनातल्या मनात भांडत आली होती. तिला लाज वाटली आणि हसूही आलं.

"आई, मला एकदा तरी सांगायचं होतंत."

"तू विचारलंस कधी?" सासूबाई ताट घेऊन उठल्या. "जा, अभ्यासाला बस. आणि आता तो प्रश्न चुकलीस, तर माझ्याशी गाठ आहे."