भागीरथीवहिनींचं पंचांग

मुरबाडच्या एसटी स्टँडमागं भागीरथीवहिनींचं कम्प्युटर सेंटर होतं. दोन हजार नऊ सालची गोष्ट. तिथं चपला बाहेर काढाव्या लागत आणि पेनड्राइव्ह खिशातच ठेवावा लागे. "कुठकुठल्या मशीनला लागून आलेला असतो, काय सांगावं," वहिनी हळू आवाजात म्हणत. व्हायरसचं सोवळं त्यांच्याइतकं कडक तालुक्यात कुणी पाळत नव्हतं.

त्या दिवशी पाचला नर्सिंगचे फॉर्म बंद होणार होते. फॉर्म भरायला आलेल्या हर्षालीचे दाखले, फोटो, सगळं पेनड्राइव्हमध्ये तयार होतं. पण वहिनी कागद पुन्हा स्कॅन करायला बसल्या. दोनच्या सुमारास मशीन गोगलगाय झालं आणि पडद्यावर नको त्या बायांची चित्रं आपोआप उघडायला लागली.

प्रिंटसाठी बाकावर चार माणसं बसली होती. त्यांच्यादेखत वहिनी म्हणाल्या, "मी नैवेद्य दाखवायला आत गेले तेव्हा तू पेनड्राइव्ह लावलास ना गो?"

"हातपण नाय लावला, वहिनी."

"मग काय आभाळातनं पडलं?"

"नर्सबाईंनी पयली सुई इथंच टोचली!" बाकावरचा चांगो खिदळला.

हर्षाली उठली, कागद उचलून, फॉर्म तिथनं भरायला कल्याणच्या जीपमध्ये जाऊन बसली.

दुरुस्तीवाला सदानंद आला. तासभर खटपट करून म्हणाला, "वहिनी, मशीनवर हे पंचांग कधी टाकलंत?"

"श्रावणात. प्रदोष चुकू नये म्हणून. फुकट मिळालं रे."

"त्याला चालू होताना एक मदतनीस फाइल लागते. ती ते आधी आपल्याच फोल्डरात शोधतो. तिथं कुणीतरी त्याच नावाची तोतया ठेवलीय. तीच मागच्या दारानं नेटवरनं एकेकाला आत घेते."

"पण तिथी बरोबर दाखवतं!"

"दाखवणारच. चुकली असती तर तुमी काढून नसतं टाकलं?"

पोरीचं वर्ष गेलं तर? वहिनींनी तीनदा फोन लावला. पावणेपाचला हर्षालीनं उचलला.

"गेला फॉर्म. पावती हातात हाय."

वहिनी बाकावर बसलेल्यांकडं पाठ करून, तोंडावर पदर धरून पुटपुटल्या, "तुझं काही नव्हतं गो. माझ्याच पंचांगातनं आलं."



"वहिनी, जरा मोठ्यानं बोला. नीट ऐकू येत नाय."