नवव्या पानावरचा खुनी

मी एक जुनी खुनाची कादंबरी आहे. दचकू नका मित्रांनो! माझ्या पोटात तीन प्रेतं असली, तरी स्वभावाने मी अगदी गरीब आहे. दारूचे गुत्ते, अंधारे बोळ, शवागाराच्या ओल्या फरशा, सगळं माझ्यात आहे. आणि खुनाचा छडा कोण लावतं? शवागारात प्रेतं धुणारी एक फटकळ बाई! पोलीस तिला पुढच्या दाराने हाकलतात आणि ती मागच्या दाराने आत येते. "हरवलेलं काही हवेत विरत नाही," ती म्हणते, "ते दुसऱ्या कशाच्या तरी खाली दडपलेलं असतं."

छापखान्यातून मी कोरी करकरीत वाचनालयात आले, तेव्हा माझा काय थाट होता! माझ्यासाठी वाचकांची भांडणं लागायची. पण लाड आणि हाल एकाच घरात नांदतात. कुणी माझ्यावर चहा सांडला, कुणी माझे कान दुमडले. एका दीडशहाण्याने तर नवव्या पानावर पेन्सिलीने लिहिलं, 'खुनी डॉक्टर आहे.' ते वाचून कित्येकांनी मला तिथेच मिटलं. मला फार वाईट वाटायचं.

हळूहळू माझी पाठ उसवली, पानं लोंबू लागली. ग्रंथपालांनी मला बाइंडरकडे पाठवलं. तिथे बिचाऱ्याच्या दुकानात पुस्तकांच्या सुट्या जुड्यांचा, म्हणजे एकत्र शिवायच्या पानांच्या गठ्ठ्यांचा नुसता ढीग होता. माझी शिवण झाली, नवा पुठ्ठा चढला. मी नटूनथटून परत आले, पण आतून काहीतरी रिकामं वाटत होतं. माझी शेवटची जुडीच गेली होती! आणि शेवट गेला की पुस्तकालाही तो आठवत नाही हो. माझ्याजवळ उरलं ते नवव्या पानावरचं वाक्य. मीही तेच खरं धरून बसले.

त्यानंतर मला पहिल्यांदा नेलं ते कंडक्टरबाईंनी. बाई बसवरून निवृत्त झाल्या होत्या, पण आवाज अजून शेवटच्या सीटपर्यंत पोहोचणारा. घरी थोरली बहीण अंथरुणाला खिळलेली. रोज संध्याकाळी बाई तिला वाचून दाखवायच्या, तेवढाच त्या ताईंचा विरंगुळा. आम्ही रंगात आलो आणि ऐन मोक्याला पानं संपली! बाई तशाच चपला घालून वाचनालयात आल्या.

"शेवटची पानं कुठायत?"

"तेच मी तुम्हाला विचारतोय," ग्रंथपाल मला चाळत म्हणाले. "इथून गेलं तेव्हा पुस्तक धड होतं. आता तुमच्याकडून फाटून आलंय."

सगळे वाचक माना वळवून बघू लागले. ग्रंथपालांनी बाईंचं कार्ड काढून घेतलं.

"उभ्या जन्मात एकाला फुकट बसू दिलं नाही मी, आणि मीच चोर?" बाईंचा आवाज फुटला. "कार्ड गेल्याचं सोडा हो. ताईला काय वाचून दाखवू?"

मला तोंड असतं तर मी ओरडले असते! पण बाई रडत बसणाऱ्यांतल्या नव्हत्या. त्या थबकल्या आणि माझ्याकडे बघत पुटपुटल्या, "दुसऱ्या कशाच्या तरी खाली... अहो, हिच्याबरोबर बाइंडरकडे आणखी काय काय गेलं होतं?"

"एकच. ते गुलाबाच्या लागवडीचं. परत आल्यापासून कुणी हात लावला नाही त्याला."

"काढा बघू ते."

बाईंनी मागून पानं उलटली. छाटणी संपली, कीड संपली, आणि कीड संपते तिथे शवागाराचं दार उघडलं! माझीच जुडी, माझीच चहाची खूण. बाइंडरने चुकून माझा शेवट गुलाबांना शिवला होता. अहाहा, किती हलकं वाटलं म्हणून सांगू!

बाईंनी तिथेच उभ्या उभ्या खणखणीत आवाजात वाचायला सुरुवात केली. माना वळवणारे आता खुर्च्या ओढून जवळ आले. खुनी निघाला शवागाराचा चौकीदार! डॉक्टर बिचारा शेवटच्या पानावर सुटला. मी थक्क झाले. इतकी वर्षं माझ्याच अंगावर एका निरपराध माणसाचं नाव मिरवत होते की मी!

ग्रंथपालांचा चेहरा पडला. "चुकलं माझं, बाई," म्हणत त्यांनी कार्ड परत दिलं.

"आधी खोडरबर द्या," बाई म्हणाल्या आणि त्यांनी नववं पान उघडून ते वाक्य खोडून टाकलं.

बाइंडरने जुडी मला नीट शिवून दिली आणि बाई मला घरी घेऊन गेल्या. शेवट ऐकून ताई उशीवरूनच हसल्या. "मी म्हटलं नव्हतं, चौकीदाराच्या चाव्या बघ म्हणून?"

मित्रांनो, आता मी सुखात आहे. पण नवव्या पानावरून बोट फिरवलंत, तर पेन्सिलीचा ओरखडा अजून लागतो. म्हणून एक मागणं आहे. कुणालाही चोर म्हणण्याआधी शेवटच्या पानापर्यंत जा. आणि तिथवर पानं शिल्लक राहतील, एवढी माझी काळजी घ्या.